बॅटरीचा काय गुन्हा?

उधव्याच्या नाक्यावर एखादी जुनी गाडी सेल्फ घेईनाशी झाली, की पहिल्या दोन मिनिटांत निकाल लागतो. आरोपी कायम एकच, बॅटरी. साक्षीपुरावे नाहीत, उलटतपासणी नाही. टपरीवरून एक जण चहाचा ग्लास हातात घेऊनच उठतो, बॉनेटमध्ये डोकावतो आणि जाहीर करतो, "बॅटरी गेली, दादा." दुसरा म्हणतो, "गेलीच." तिसरा खरं तर गर्दी कसली ते बघायला आलेला असतो. पण आलोच आहोत तर म्हणून तोही टर्मिनलवर एक टिचकी मारतो आणि "माझ्या भावाच्या गाडीचं असंच झालं होतं" असं सांगतो. त्या भावाच्या गाडीचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

उधवा तलासरी तालुक्यातलं, सीमेलगतचं गाव. एका अंगाला दादरा-नगर हवेली, जरा पलीकडे गुजरात. त्यामुळे त्या गर्दीभोवती उभ्या गाड्यांवर एमएच ४८, जीजे १५ आणि डीएन ०९ अशा तीन कारभारांच्या पाट्या दिसतात. तिन्हीकडे पेट्रोलचे दर वेगळे. दारूचे कायदे तर इतके वेगळे, की गुजरातच्या हद्दीत शिरताना कित्येक प्रवासी एकदम गंभीर होतात. बॅटरी दोषी आहे यावर मात्र तिन्हीकडच्या चालकांचं एकमत. सीमाभागात एवढं एकमत दुसऱ्या कशावर सापडायचं नाही.

इकडच्या रस्त्यावरची गाडी सहसा पहिल्या मालकाची नसते. मारुती ८०० ची पहिली चावी दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती गाडी बनायची थांबली. म्हणजे सगळ्यात धाकटी ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची. तरी तलासरीपासून कासा-डहाणूपर्यंत ती अजून शाळेत जाते, बाजारात जाते, लग्नाला जाते, आणि जाताना सहा जणांना नेते. मुंबईत वीस वर्षं झाली की टॅक्सीला निवृत्त करतात; शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेखांत डोळे पुसले. इकडे वीस वर्षांच्या गाडीला "आत्ताच घेतली, चांगली कंडिशन आहे" म्हणतात.

या गाड्यांच्या रोगांत चार्जिंगचा रोग सगळ्यात लबाड. टायर फुटला तर कळतं, सायलेन्सर फुटला तर गावाला कळतं. अल्टरनेटर मात्र गुपचूप संप करतो आणि बदनाम होते बॅटरी.

व्यवहार असा आहे. पावसाळ्यात कणगी रिकामी व्हायची तेव्हा आदिवासी विकास महामंडळाकडून खावटी कर्ज मिळायचं. तेवढ्यावर तग धरायचा आणि पीक आलं की फेडायचं. बॅटरी ही गाडीची खावटी. सेल्फ मारण्यापुरती ती उचलायची. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरने ती फेडायची, आणि दिवे, वायपर, हॉर्न, टेप हा पुढचा सगळा घरखर्च स्वतःच्या कमाईवर चालवायचा. अल्टरनेटर कमवेनासा झाला की गाडी दिवसभर खावटीवर जगते आणि संध्याकाळी नाक्यावर आडवी होते. अशा वेळी नवी बॅटरी टाकणं म्हणजे न कमावणाऱ्याला नवी खावटी मंजूर करणं. तीही खाऊन होते. साधारण दोन-तीन दिवसांत.

हे यंत्र किरकोळ नाही. डहाणूच्या खाडीकाठी औष्णिक वीज केंद्र आहे, त्यात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत आणि त्यांच्या विजेवर मुंबईच्या उपनगरांतले पंखे फिरतात. त्या संचातलं जनित्र आणि ८०० च्या बॉनेटखालचा नारळाएवढा डबा यांचा कुलधर्म एकच: मध्ये चुंबक झालेला रोटर फिरतो, भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यांत थ्री फेज वीज उपजते. चुंबक हलला की तारेत वीज उपजते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून ठेवलं. लहान गाडीचा अल्टरनेटर अर्ध्या किलोवॉटचा धरला, तर केंद्रातला एक संच म्हणजे तसले पाच लाख डबे. फरक इतकाच, की केंद्राचं चार्जिंग थांबलं तर चौकशी समिती बसते आणि ८०० चं थांबलं तर फक्त बॅटरी बसते.

गॅरेजात मात्र अल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतात. जुन्या फियाट-ॲम्बॅसॅडरमध्ये खरोखरच डायनामो असे. तो सरळ डीसी वीज द्यायचा, पण गाडी सिग्नलला मंद चालत असली की जवळजवळ काहीच द्यायचा नाही. पुढे सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि एसी वीज जागच्या जागी डीसी करणं सोपं झालं. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० साली व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवून दिला. आपल्याकडे डायनामो गेला, पण त्या काळातली एक परीक्षा जायला तयार नाही. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीची केबल उपटायची. गाडी चालू राहिली तर "डायनामो ओके", बंद पडली तर "डायनामो गेला".

कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे बरेचदा निभावून गेलं. पण बॅटरी ही अल्टरनेटरच्या अंगावरची शालही आहे आणि लगामही. चालू गाडीत ती काढली की व्होल्टेज क्षणात चौखूर उधळतं, आणि डायोड, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर किंवा इंजेक्शनच्या गाडीतला कॉम्प्युटर यांपैकी कोण धारातीर्थी पडेल ते सांगता येत नाही. म्हणजे परीक्षेला बसलेला विद्यार्थी धडधाकट होता, परीक्षेत मेला. ही परीक्षा बंद करावी.

खऱ्या तपासणीला लागतो एक मल्टिमीटर. साधा मिळतो काहीशे रुपयांत. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची पुन्हा नोंदणी करायला १ एप्रिल २०२२ पासून सहाशेऐवजी पाच हजार रुपये लागतात. ते माणूस कुरकुरत का होईना भरतो. मीटरसाठी मात्र हात खिशात जात नाही, कारण टपरीवरचं निदान फुकट असतं.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा आणि रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला लावायचा. १२.६ च्या आसपास दिसलं तर पोट भरलेलं आहे. १२.२ म्हणजे अर्धपोटी, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. मग गाडी चालू करायची. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला तर अल्टरनेटर कामावर हजर आहे. आकडा जागचा हललाच नाही, उलट हळूहळू उतरायला लागला, तर संपकरी सापडला. आता हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावायचं. तरीही साडेतेराच्या वर राहायला हवं. आणि १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर सुटलेला आहे, अशा गाडीत बॅटरीचं पाणी उकळून कमी होतं, बॉनेट उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मालक म्हणतो, "चार्जिंग एकदम जोरात आहे आपल्या गाडीचं."

आकडे चांगले नसले तरी लगेच पान्हा हातात घेऊ नये. आधी टर्मिनलकडे बघावं. कित्येक गाड्यांत तिथे पांढरी-हिरवी बुरशी एवढी साठलेली असते, की खाली टर्मिनल आहे हे श्रद्धेने मानावं लागतं. ती केबल हाताने गोल फिरते. मालकाने मध्ये आगकाडी किंवा तारेचा तुकडा खोचून ती "टाइट" केलेली असते. निगेटिव्ह केबल आधी सोडायची, गरम पाणी ओतायचं, जुन्या ब्रशने घासायचं, कोरडं करून कसायचं आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. यात अर्ध्या केसेस निकालात निघतात. पण यात निदान केल्याचा डौल नाही, म्हणून नाक्यावर हा उपाय कुणी सुचवत नाही.

डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा असतो, त्याची कथा करुण आहे. चावी फिरवल्यावर तो लागायला हवा आणि इंजिन सुरू झालं की विझायला हवा. चालत्या गाडीत तो लागला की अल्टरनेटर हाका मारतोय असं समजायचं. जुन्या गाडीत तो कधी मिणमिणतो, कधी डोळा मारतो. मालकाला त्याचा त्रास होतो. मग त्याच्यावर काळी चिकटपट्टी येते, किंवा महालक्ष्मीचा फोटो नेमका त्याच जागी चिकटवला जातो. देवीने गाडी सांभाळावी ही श्रद्धा योग्यच, पण तिला दिव्यासमोर बसवायचं कारण नव्हतं.

काही जण पुढे जाऊन बल्बच काढतात. गंमत अशी, की बऱ्याच जुन्या अल्टरनेटरांत रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व देणारा करंट त्या बल्बमधूनच जातो. बल्ब नसला तर अल्टरनेटर कामाला लागतच नाही, किंवा इंजिन जोरात रेस केल्यावर कसाबसा जागा होतो. रोग सांगणारा दिवा औषधाचाही भाग होता, हे नंतर कळतं. म्हणून चावी फिरवल्यावर हा दिवा लागत नसेल तर आनंद मानू नये, आधी बल्ब बघावा.

इथे मिस्त्रींना मान द्यायला हवा. बिनमीटरच्या मिस्त्रीकडेही एक झकास परीक्षा असते. चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून, तो पान्ह्याचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेतो. पान्हा खेचला गेला तर रोटरमध्ये चुंबकत्व येतंय. नाही खेचला, तर ब्रश, रेग्युलेटर किंवा त्या बल्बकडची वायर. मग इंजिन चालू करून तो अल्टरनेटरच्या अंगावर हलकेच दोन टोले देतो. टोल्यासरशी लाल दिवा विझला, तर ब्रश झिजून अडकले आहेत. अभियांत्रिकीच्या पुस्तकात ही टोल्याची पद्धत दिलेली नसते, पण ती खरी आहे. अडचण एवढीच, की टोल्याने गाडी चालली म्हणून मालक त्या दिवसापासून टॉमी पुढच्या सीटखाली ठेवतो आणि ब्रश बदलायचं दिवाळीनंतर बघू म्हणतो.

ब्रश म्हणजे रोटरला करंट पोचवणाऱ्या कार्बनच्या दोन लहानशा कांड्या, झिजत झिजत पेन्सिलीच्या शेवटच्या तुकड्याएवढ्या होतात. नव्या अल्टरनेटरच्या किमतीपुढे त्यांची किंमत चिल्लर. डायोडची प्लेट जरा महाग. तिच्यात सहा मोठे डायोड असतात, बऱ्याच जुन्या मॉडेलांत आणखी तीन छोटे. एखादा डायोड ओपन झाला की चार्जिंग अर्धवट होतं, दिवे थरथरतात आणि टेपमधल्या गाण्यामागे इंजिनचा बारीक सूर लागतो. मीटर एसीवर ठेवून चालू गाडीच्या बॅटरीला लावला आणि अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर संशय डायोडवरच. एखादा डायोड शॉर्ट झाला तर तो उलट्या दिशेने रात्रभर बॅटरी पितो. रात्रभर थंड पडलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर चोर घरातच आहे.

पावसाळ्यात मात्र पहिला संशयित म्हणजे अल्टरनेटर फिरवणारा फॅन बेल्ट. उधव्याकडचा पाऊस खड्ड्यांतलं तांबडं पाणी थेट बॉनेटखाली पाठवतो. अल्टरनेटर बऱ्याच गाड्यांत खालच्या अंगाला बसवलेला, म्हणजे अंघोळ नक्की. वर हेडलाइट चालू, वायपर चालू, काचेवरची वाफ जावी म्हणून ब्लोअर चालू. मागणी सगळ्यात जास्त आणि बेल्ट ओला. मग तो किंचाळतो. त्या किंचाळीवर लोक साबण लावतात, पावडर टाकतात. एखादा आवाज ऐकू येऊ नये म्हणून टेप मोठा करतो, म्हणजे अल्टरनेटरवर आणखी भार. बेल्टच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघावं. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक, पाळण्यासारखा हलला तर कसायला हवा. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर कसूनही उपयोग नाही, बदलावा. इंजिन बंद करून बघावं, हे वेगळं सांगायला नको; पण फिरत्या बेल्टला बोट लावून बघणारे महाभाग आहेत, म्हणून सांगितलेलं बरं.

डिझेल जीपवाल्यांसाठी हा मामला चेष्टेचा नाही. जुन्या कमांडर-बोलेरोंच्या वर्गात ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. बेल्ट तुटला की चार्जिंग जातं, तोच बेल्ट वॉटर पंप फिरवत असेल तर इंजिन तापतं, आणि ब्रेक पेडल दगडासारखं घट्ट होतं. शिवाय त्या पंपाची सील गेली की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरून ब्रशांचा चिखल करतं. नवा अल्टरनेटर टाकूनही महिन्याभरात पुन्हा तीच रड असेल, तर त्याच्या मागच्या अंगाला ऑइल आहे का ते पुसून बघावं. आणि जुनं मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की विजेशिवायही धावत राहतं. त्यामुळे जीपचा अल्टरनेटर कधी मेला हे मालकाला कळतच नाही. तो फक्त गाडी उताराला लावायला लागतो.

गाडी उताराला लावणं हे या भागातलं जाहीर निवेदन आहे. सपाट अंगण सोडून एखाद्याची जीप चढाच्या टोकाला, तोंड खाली करून उभी दिसली, की सगळा पाडा समजतो: चार्जिंगचं काम निघालंय आणि पैसे अजून आलेले नाहीत. सकाळी दोघं धक्का देतात, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडतात आणि दिवस सुरू होतो. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हे जमत नाही. तिचा पंप आणि कॉम्प्युटर यांना वीज लागते. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर चारोटीपर्यंत ढकलली तरी ती नमस्कार करून थांबते.

एक बिघाड मात्र गॅरेजच स्वतः भेट देतं. गंजलेल्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करून आणलं, रंग आरशासारखा, आणि आठवड्यात चार्जिंगचा घोळ. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यात अर्थिंगची जाड पट्टी लागते. रंगाच्या घाईत ती सुटी राहते किंवा रंगावरच बोल्ट आवळला जातो. करंटला तर परतायचं असतंच. मग तो क्लचच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, केबल तापते, तिच्यावरचं प्लॅस्टिक वितळतं आणि निदान होतं की "केबल लोकल होती". मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अल्टरनेटरच्या अंगाला लावावं. चालू गाडीत, दिवे लावून, ०.२ व्होल्टहून जास्त दिसलं तर पट्टी काढून, रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर पुन्हा बसवावी. नवीन अल्टरनेटर, नवीन बॅटरी, नवीन केबल आणि शेवटी एक तारेची पट्टी, या क्रमाने खर्च केलेले लोक आहेत. त्यांच्यापुढे हा विषय काढू नये.

बरं, कधीकधी अल्टरनेटर निर्दोष असतो आणि मालकच उधळ्या. पंचावन्न वॉटचे दोन हेडलाइट मिळून नऊ अँपिअर खातात, तेवढ्याची तरतूद कंपनीने केलेली असते. पुढे लावलेले शंभर वॉटचे दोन फॉग दिवे, मागे रांगेने लुकलुकणारी माळ, ट्रकचा हॉर्न आणि डिकीतला ॲम्प्लिफायर यांची केलेली नसते. विवळवेढेच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस चालते. त्या दिवसांत गर्दीत इंच इंच सरकणाऱ्या, सगळे दिवे आणि गाणी चालू ठेवलेल्या गाड्या बघाव्यात. इंजिन आयडलला, अल्टरनेटर अर्ध्या ताकदीवर, खर्च दुप्पट. रात्री परतताना त्यांतल्या काही गाड्या चारोटी नाक्याआधी शांत होतात.

उलट टोकाला घोलवड-बोर्डीकडच्या चिकूच्या वाड्या. तिथे ताडपत्रीखाली जपलेली फियाट रविवारी एकदा चालू होते, बागेला एक फेरी मारते आणि परत झोपते. एवढ्याशा फेरीत सेल्फने खाल्लेलंही भरून येत नाही. वर कुठे डिकीचा दिवा लागलेला राहतो, कुठे टेपला थेट बॅटरीवरून वायर ओढलेली. सगळं बंद केल्यावर बॅटरीतून पन्नास मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जात असेल, तर एकेक फ्यूज काढत जावं. ज्या फ्यूजवर आकडा एकदम खाली येईल, त्या ओळीत चोर.

तेव्हा उधव्याला, तलासरीला किंवा डहाणूला तुमच्या जुन्या गाडीने सेल्फ घ्यायचं नाकारलं आणि टपरीवरून कुणी ग्लास घेऊन उठलं, तर त्याला चहा पाजा, धक्का मारायला लावा, पण जुनी बॅटरी मोडीत देण्याआधी मीटर लावा. दिवे लावूनही चालू गाडीत साडेतेरा व्होल्ट दिसत नसतील, तर दुकानदार कितीही "एक्सचेंजची ऑफर उद्यापर्यंतच आहे" म्हणाला तरी नवी बॅटरी घेऊ नका.